बेताच्या खर्चात घारापुरी

वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाडीबरोबर आम्ही कैक वेळा गेलो. सकाळी माल विकला, अडत्याकडून पट्टी मिळाली, की मधला दिवस मोकळा. मग बेटावर जाऊन यावं, असं वाटतं. जरूर जावं. पण खिशात घामाचा पैसा आहे. निघण्याआधी मोठी रक्कम भरवशाच्या माणसाकडे ठेवावी.

सोमवारी जाऊ नये. त्या दिवशी घारापुरीची लेणी बंद असतात. गेलात, तर खर्च पाण्यात!

मार्केटातून सानपाडा किंवा वाशी स्टेशन गाठावं. तुर्भ्याहून लोकल ठाण्याकडे जाते, ती आपल्या कामाची नाही. हार्बरच्या लोकलनं सीएसएमटीला उतरावं. तिथून गेटवे ऑफ इंडिया चालत अर्ध्या तासावर आहे. बसही मिळते. टॅक्सी कशाला?

गेटवेला दराचा फलक असतो. आता आपल्याला वाचता येतं. मग दुसऱ्याला कशाला विचारायचं? फलक वाचावा, मगच पैसे द्यावे. तिकीट जाऊन-येऊन असेल, तर ते परत येईपर्यंत जपावं. होडीत वरच्या मजल्यावर बसायला जादा पैसे पडतात. समुद्र खालूनही दिसतो. बेटावर पोचायला सुमारे एक तास लागतो. उतरताच परतीची शेवटची होडी किती वाजता, ते विचारून ठेवावं.

धक्क्यापासून छोटी आगगाडी आहे. पाय धड असतील, तर चालावं. पुढे सुमारे 120 पायऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसासाठी डोली करायची, तर दर आधी ठरवावा.

लेण्याच्या फलकावर दोन दर असतात. परदेशी पाहुण्याला 600 रुपये, आपल्याला 40. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आत सुमारे 20 फूट उंचीची शिवाची तीन मुखांची मूर्ती आहे. ती पाहायला वेगळा पैसा लागत नाही. 1987 साली या लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला.

बेटावर बराचसा माल होडीतून येतो, म्हणून तो महाग. भाकरी-चटणी आणि पाणी बरोबर न्यावं. मात्र होडीतच खाऊन घ्यावं. वर माकडं हातातलं पळवतात.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या होडीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. कित्येक माणसं बुडाली. म्हणून होडीत बसताच जीवरक्षक जाकीट मागून अंगात घालावं. होडी खचाखच भरली असेल, तर दुसरी येईपर्यंत थांबावं. पावसाळ्यात समुद्र खवळला असेल, तर बेत रद्द करावा.

चौघांनी प्रत्येकी 50 रुपये वाचवले, तर 200 रुपये होतात. तेवढ्यात मुलांच्या वह्या येतील. पैसा वाचवावा, पण जीव आधी सांभाळावा.