बोटीत पाणी, टायरमध्ये पाणी: मुद्दाम वजन वाढवून मशीनचं काम सुधारतं कसं?

वेकबोर्डिंगचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. पुढे बोट, मागे दोरी धरून फळीवर उभा असलेला पोरगा आणि बोटीमागच्या लाटेवरून त्याने मारलेली उंच उडी. आता त्याच बोटीचं आतलं दृश्य बघा. सीटखाली मोठमोठ्या पिशव्या ठेवल्यात आणि पंप लावून त्यात तलावाचंच पाणी भरणं चाललंय. बोटीत पाणी शिरलं की आपण घाबरतो, आणि हे लोक पैसे खर्चून पाणी भरतात!

विचित्र वाटतंय ना? पण हीच गोष्ट मुखेड, जांब, बाऱ्हाळी, मुक्रमाबाद या भागात शेतकरी पण करतात. फक्त बोटीच्या जागी ट्रॅक्टर असतो आणि पिशवीच्या जागी मागचा टायर. या जादाच्या वजनाला बॅलास्ट म्हणतात. आजच्या लेखात बॅलास्ट काम कसं करतो, किती ठेवायचा आणि चुकला तर जीवावर कसा बेततो, ते समजून घेऊ.

बोटीचं गणित: जितकं वजन, तितकं पाणी बाजूला

शाळेत शिकलेला आर्किमिडीजचा नियम आठवा. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. एक लिटर पाण्याचं वजन साधारण एक किलो. म्हणजे २,००० किलोची बोट उभी असताना २,००० लिटर पाणी बाजूला सारून बसलेली असते. तिच्यात १,००० किलो पाणी भरलं की ती आणखी खाली बसते आणि ३,००० लिटर पाणी सारते.

वेगात गेल्यावर बोट थोडी वर उचलली जाते आणि पाण्यावरून घसरत जाते. पण जड बोट हलक्या बोटीइतकी वर येत नाही. तिचा तळ खोलवर राहतो, जास्त पाणी दोन्ही बाजूंना ढकलतो आणि ते पाणी मागे परत एकत्र येताना लाट उठते. या लाटेलाच वेक म्हणतात. वजन जास्त, तर लाट मोठी. वेकबोर्डिंगला बोट साधारण ३० ते ३७ किमी वेगाने चालवतात. वेकसर्फिंग म्हणजे दोरी सोडून नुसत्या लाटेवर तरंगणं. त्याला वेग बराच कमी, १६ ते १९ किमीच्या आसपास लागतो आणि वजन मात्र जास्त लागतं.

नुसतं वजन टाकून भागत नाही, ते कुठे टाकलं हे पण महत्त्वाचं. सगळं वजन मागे टाकलं तर लाट उंच आणि उभी होते, पण बोटीचं नाक वर जातं आणि ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही. थोडं वजन पुढे नेलं तर लाट लांब आणि गुळगुळीत होते. एकाच बाजूला टाकलं तर बोट तिकडे कलते आणि त्या बाजूची लाट सर्फिंगसाठी चांगली तयार होते.

सगळ्या बोटींना बॅलास्ट लाटेसाठी लागतो असं नाही. शिडाच्या बोटीत तो सरळ उभं राहण्यासाठी असतो. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ ही ५६ फुटी बोट गोव्यात बांधलेली. अशा बोटीच्या तळाखाली जड कील असते. वाऱ्याने बोट आडवी झाली तरी खालचं वजन तिला परत सरळ करतं. एकच वजन, पण खाली असेल तर वाचवतं आणि वर असेल तर उलटवतं. हे वाक्य लक्षात ठेवा, ट्रॅक्टरकडे जाताना कामाला येणार आहे.

ट्रॅक्टरला वजन कशाला?

४०-४५ एचपीचा ट्रॅक्टर नांगर ओढतो, तेव्हा इंजिनात ताकद भरपूर असते. ती जमिनीवर उतरते ती फक्त मागच्या दोन टायरांतून. टायरची पकड त्याच्यावर किती वजन आहे यावर ठरते. वजन कमी पडलं की चाक जागेवर फिरतं, डिझेल जळतं, टायर झिजतो आणि नांगर मात्र पुढे सरकत नाही. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत वरचा थर थोडा ओला असला की हा अनुभव रोजचा.

मग उपाय दोन. एक म्हणजे चाकाला आणि बंपरला लोखंडी वजनं लावायची. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे टायरमध्ये पाणी. व्हॉल्व्ह सगळ्यात वर येईल असं चाक फिरवायचं आणि व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी भरायचं. यात टायर साधारण ७५ टक्के भरतो. उरलेल्या जागेत हवा, कारण धक्का झेलायला हवाच लागते. १३.६-२८ साइजच्या टायरमध्ये असं दोनशे लिटरच्या आसपास पाणी बसतं. दोन टायरांचे मिळून जवळपास ४०० किलो, तेही जवळजवळ फुकटात!

यात एक फायदा आणखी आहे. टायरातलं पाणी थेट टायरवरच टेकतं. ट्रॉलीत किंवा मडगार्डवर वजन ठेवल्यासारखा त्याचा भार बेअरिंगवर येत नाही. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. आपल्याकडे त्याची गरज नाही. तुमचा टायर रेडियल असेल तर मात्र पाणी भरण्याआधी कंपनीचं मॅन्युअल बघा, त्याचं प्रमाण वेगळं असू शकतं.

किती वजन बरोबर? मोबाइलने तपासा

इथे बरेच जण अंदाजावर चालतात. पण मोजण्याची पद्धत सोपी आहे. चाक किती घसरतंय ते काढायचं. याला स्लिप म्हणतात.

१. मागच्या टायरवर खडूने ठळक खूण करा.
२. नांगर वर उचलून ट्रॅक्टर चालवा. खुणेचे १० फेरे होतील तेवढं अंतर मोजा. समजा ४० मीटर आलं.
३. आता नांगर जमिनीत घालून त्याच गिअरमध्ये परत १० फेरे. समजा ३४ मीटर आलं.
४. फरक ६ मीटर. त्याला ४० ने भागलं की ०.१५, म्हणजे स्लिप १५ टक्के.

टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला घट्ट जमिनीत १० ते १५ टक्के स्लिप चांगली समजतात. भुसभुशीत जमिनीत थोडी जास्त चालते. बरीच जास्त येत असेल तर वजन कमी पडतंय. ५ टक्क्यांच्या खाली आली तर वजन जास्त झालंय, पाणी काढा. शून्य स्लिप म्हणजे उत्तम असं नाही, कारण मग फालतू वजन ओढण्यात डिझेल जातं आणि जमीन दाबली जाते.

मोबाइल कुठे वापरायचा? फेरे मोजायला. शेताच्या कडेला सुरक्षित अंतरावर उभं राहून व्हिडिओ काढा आणि नंतर हळू करून खूण मोजा. पण अंतर मोजायला जीपीएस ॲप वापरू नका. उघड्या शेतातही फोनचं जीपीएस ३ ते ५ मीटर इकडेतिकडे होतं. ४० मीटरमध्ये ५ मीटरची चूक म्हणजे १२ टक्क्यांहून जास्त. म्हणजे जी गोष्ट मोजायचीय, चूकच जवळपास तेवढी! त्यापेक्षा साधा टेप बरा. जीपीएसच वापरायचं असेल तर ५० फेरे घ्या, म्हणजे २०० मीटरमध्ये तीच चूक अडीच टक्क्यांवर येते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच करतो: मोजमाप जितकं लांब, तितकी चुकीची टक्केवारी कमी.

वजन वाढवलं की धोका कुठे लपतो?

हा भाग नीट वाचा, कारण घरचा ट्रॅक्टर बहुतेक वेळा तुमच्या वयाचीच पोरं चालवतात.

चाक घसरणं ही एका अर्थाने सेफ्टी असते. भार फार झाला की चाक फिरतं आणि ताकद वाया जाते. मागे वजन वाढवलं की चाक घसरत नाही. मग ती ताकद जाणार कुठे? ती ट्रॅक्टरचं तोंड वर उचलते. उसाची भरलेली ट्रॉली, चढ आणि क्लच झटक्यात सोडला, की पुढची चाकं जमीन सोडतात. पुढची चाकं हवेत म्हणजे स्टेअरिंग गेलं. आणखी उचललं तर ट्रॅक्टर मागे उलटतो. हे इतक्या लवकर घडतं की उडी मारायला वेळ मिळत नाही. अशी स्टंटची रील बघून लाइक करणं सोपं आहे, पण त्या ट्रॅक्टरखाली सापडलेल्याला वाचवणं फार अवघड.

म्हणून काही नियम पाळा. मागे पाणी भरलं तर पुढे बंपरची वजनं पण लावा. ओढायची साखळी किंवा ट्रॉली कायम खालच्या हुकालाच जोडा, वर एक्सलच्या उंचीवर कधीच नाही. चढावर क्लच हळू सोडा. नांगरटीचा हंगाम संपून ट्रॅक्टर फक्त रस्त्यावर वाहतुकीला जाणार असेल तर जास्तीचं वजन काढून टाका. जड गाडीला ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं.

बोटीतही नियम तोच. वेक बोटीच्या पिशव्या एकतर पूर्ण भरतात किंवा पूर्ण रिकाम्या ठेवतात. अर्धवट भरलेली टाकी धोक्याची, कारण वळणावर सगळं पाणी एका बाजूला धावतं आणि कललेल्या बोटीला आणखी कलवतं. बॅलास्टचं वजन बोटीच्या क्षमतेत धरावं लागतं. पाणी भरलं तर माणसं कमी बसवायची.

माणसंसुद्धा बॅलास्टच असतात, तेही हलणारं. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यात रावणगाव, हसनाळ भागात पाणी शिरलं आणि लोकांना बाहेर काढायला पथकं आली. बचावाच्या बोटीत जवान ‘खाली बसा, मोजकेच चढा’ असं का ओरडतात, ते आता कळेल. उभ्या माणसाचं वजन वर असतं. सगळे एकाच बाजूला सरकले की बोट कलते, आणि कलली की घाबरून लोक आणखी त्याच बाजूला जातात. जवान सांगेल तिथे बसा, मधोमध आणि खाली, लाइफ जॅकेट घालून. पर्यटनाची बोट असो की विसर्जनाची, नियम हाच.

थोडक्यात सांगायचं तर

बॅलास्ट चांगला किंवा वाईट नसतो. तीन प्रश्न विचारा: वजन किती, कुठे आणि ते हलतंय का? या हंगामात नांगर जोडण्याआधी खडू आणि टेप घेऊन स्लिप एकदा मोजाच. तुमच्या ट्रॅक्टरची किती टक्के आली, टायरचा साइज कोणता आणि पाणी भरलंय का, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. आणि घरात जो कोणी ट्रॅक्टर चालवतो, त्याला हुकाचा नियम आजच सांगा.