लिफाफ्याची लाख आणि यंत्राची किल्ली

दिवाळीत आपण दारात पणत्या लावतो. तेल आपले, वात आपली आणि वाण्याची उधारीही आपलीच. पण रस्त्यावरच्या खांबावर जो दिवा लागतो तो कोण आणतो, कोणाकडून आणतो आणि काय भावाने आणतो, याची चौकशी आपण फारशी करीत नाही. खांबावरचा दिवा, शाळेतले बाक, विहिरीत टाकायची टीसीएल पावडर, गटार उपसायची फावडी! नगरपालिकेचा काय किंवा जिल्हा परिषदेचा काय, संसार म्हणजे आपल्या घरच्या संसाराचीच थोरली आवृत्ती. फरक एवढाच की, तिथे पैसा सर्वांचा असतो. आणि जो पैसा सर्वांचा, त्याच्याकडे लक्ष मात्र कोणाचेच नसते.

हे लक्ष ठेवण्याचे काम गेल्या वीसेक वर्षांत हळूहळू यंत्राकडे सोपविण्यात आले आहे. त्याला ई-निविदा म्हणतात. यंत्राने काय साधले आणि काय अजून माणसाच्याच हाती राहिले, हे पाहण्यासारखे आहे.

लाखेचा मान

जुनी रीत अनेकांना आठवत असेल. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात सूचना येई. मग कोरी निविदा कचेरीतून विकत घ्यायची, बयाणा रकमेचा ड्राफ्ट काढायचा, दर भरायचा, लिफाफ्यावर लाख लावायची आणि तो पेटीत टाकायचा. ठरलेल्या दिवशी सर्वांसमक्ष लिफाफे फुटत आणि ज्याचा दर कमी त्याला काम मिळे. कागदावर पद्धत अगदी चोख!

पण कोरी निविदा कोणी नेली याची नोंद वहीत होई. वही कारकुनाच्या टेबलावर असे आणि टेबलाभोवती चहा पिणारी मंडळी नेहमीचीच असत. लाख लागण्यापूर्वीच कोण कोण रिंगणात आहे हे गावाला कळून जाई. मग यंदाचे काम तुमचे, पुढचे आमचे, अशी वाटणी होई आणि बाकीचे मुद्दाम चढे दर भरीत. आंध्र प्रदेशात तर एखाद्या नवख्या ठेकेदाराला निविदेच्या पेटीपर्यंत पोहोचूच न देण्याचे प्रकार घडत. किरकोळ खरेदीत तीन दरपत्रके घेण्याचा नियम असे. तीन दुकानांचे तीन छापील कागद येत. पण अक्षर एक, शाई एक आणि शुद्धलेखनाची चूकही एकच!

कुलूप एक, किल्ल्या दोन

2000 साली माहिती तंत्रज्ञान कायदा झाला आणि संगणकावरच्या सहीला, म्हणजे डिजिटल स्वाक्षरीला, कायद्याने मान मिळाला. आंध्र प्रदेशाने 2003 साली ई-निविदेचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात ‘महाटेंडर्स’ या संकेतस्थळावर हे काम चालते. त्याची यंत्रणा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची आहे.

त्यातली युक्ती समजायला अवघड नाही. पुरवठादार घरबसल्या निविदेचे कागद उतरवून घेतो, त्यामुळे कोणी घेतले हे कारकुनाला कळत नाही. त्याचा दर यंत्रात जातो तो सांकेतिक रूपात, जणू कुलूप लावूनच. वेळ संपेपर्यंत ते कुलूप कोणालाच उघडता येत नाही. आणि पुढेही एकट्या साहेबाच्या किल्लीने ते उघडत नाही. नेमलेल्या अधिकाऱ्यांपैकी किमान दोघांनी आपापली डिजिटल किल्ली लावावी लागते. पूर्वी भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे मागे सरकवून एखाद्याची सोय पाहता येत असे. आता वेळ मोजते ते यंत्रातले घड्याळ. त्याला चहा चालत नाही!

तयार वस्तूंसाठी ऑगस्ट 2016 मध्ये केंद्र सरकारने ‘जेम’ नावाची ई-बाजारपेठ उघडली. दिल्लीची जुनी पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाची कचेरी 31 ऑक्टोबर 2017 रोजी बंद झाली ती या नव्या बाजारापायीच. इथे स्थानिक संस्थांनाही खरेदी करता येते. इथली एक मौज म्हणजे उलटा लिलाव. भांड्यांच्या लिलावात बोली चढत जाते. इथे ती उतरत जाते. विकणारेच एकमेकांना खाली ओढतात आणि गिऱ्हाईक स्वस्थ बसून पाहते.

यंत्राला न दिसणारे

तर मग साखळ्या सुटल्या का? तसे म्हणवत नाही. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत पुरवठादारांनी संगनमत केल्याचे भारतीय स्पर्धा आयोगाने 2018 साली ठरविले. त्यातल्याच काहींनी आयोगापुढे येऊन कबुली दिली आणि दंडात सूट मिळविली. यंत्र लिफाफा फोडू देत नाही. पण लिफाफे भरणारे एका टेबलाशी बसून जेवले, हे त्याला कसे दिसावे?

दुसरी पळवाट तुकड्यांची. राज्य शासनाने 1 डिसेंबर 2016 च्या निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका काढली, तेव्हा 3 लाख रुपयांवरील खरेदीला ई-निविदा सक्तीची केली. अशा मर्यादा वेळोवेळी बदलतात. मर्यादेच्या आत बसण्याची कला मात्र बदलत नाही. बाक शंभर हवेत, तर आज वीस, पुढल्या महिन्यात वीस. नियम हे करू नका म्हणतो. पण तारखा ताडून पाहणार कोण?

तिसरी गोष्ट अटींची. ‘बाकाचा पाय अमुक मापाचाच, आणि अशा पुरवठ्याचा इतका अनुभव हवाच,’ असे लिहिले की रिंगणात एकच उरतो. ती अट यंत्र मोठ्या इमानाने सर्वांना दाखविते. ती लिहिली कोणी आणि का, हे विचारीत नाही.

बिल केव्हा?

सर्वांत मोठा प्रश्न पुरवठादाराच्या घरचा. तालुक्याच्या गावी बाक बनविणारा सुतार आता कोणाची ओळख नसताना दर भरू शकतो. ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याने लाकूड उधारीवर घेतलेले असते, कारागिरांचा पगार शनिवारी द्यायचा असतो. आणि ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण निवृत्त झालेली नाही. जेमच्या नियमाप्रमाणे माल स्वीकारल्याचा दाखला निघाल्यावर 10 दिवसांत पैसे मिळावयास हवेत. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा नोंदणी केलेल्या लहान उत्पादकासाठी 45 दिवसांची कमाल मुदत घालतो. ती टळली तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी ऑक्टोबर 2017 मध्ये ‘समाधान’ हे संकेतस्थळ सुरू झाले. पण ज्या कचेरीकडून पुढचे काम हवे, तिच्याविरुद्ध व्याज मागायला किती जण धजतील? निविदा एका क्षणात उघडते. दाखल्यावरची सही अजून माणसाच्याच सवडीने होते. आणि पैसे उशिरा मिळणार हे ठाऊक असलेला माणूस पुढल्या वेळी दर चढाच भरतो. तो वाढीव पैसा शेवटी तुमच्याआमच्या घरपट्टीतूनच जातो.

एवढे असूनही एक बदल मोलाचा आहे. लाखेच्या लिफाफ्यात काय होते हे फक्त खोलीतल्यांना कळे. आज आपल्या नगरपालिकेने काय मागविले आणि कोणत्या अटी घातल्या, हे कोणाही नागरिकाला नाव न नोंदविता वाचता येते. शाळेतले मास्तर, निवृत्त लेखापाल, वाचनालयातली चार तरुण मुले यांनी महिन्यातून एकदा गावच्या निविदा उघडून तारखा ताडल्या, अटी वाचल्या आणि ‘बाकांचे पैसे दिले का?’ असे मुख्याधिकाऱ्यांना विचारले, तर यंत्राला न दिसणारे बरेच काही दिसू लागेल. कुलूप यंत्राने लावले आहे. राखण मात्र आपल्यालाच करायची आहे.