सरकत्या छपराचा लपंडाव

पाळीच्या तापाची खोड आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. रोगी वैद्यांच्या दारी जाऊन बसतो तेव्हा अंग थंडगार असते; घरी परतला की हुडहुडी भरते. मोटारगाडीच्या विजेवर चालणाऱ्या सरकत्या छपराचा, म्हणजे ज्याला आपण सर्रास 'सनरूफ' म्हणतो त्याचा, अधूनमधून उद्भवणारा बिघाड याच जातीचा असतो. कारखान्यात नेले की छप्पर दहा वेळा निमूटपणे उघडते आणि मिटते. आणि घाटात पावसाची सर आली की वीतभर उघडे राहून जागचे हलत नाही.

एके काळी केवळ महागड्या गाड्यांत आढळणारे हे छप्पर आता मध्यमवर्गीय कुटुंबांच्या गाड्यांतही आले आहे. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडणे अप्रस्तुत होणार नाही. उघड्या राहिलेल्या छपरातून आत येणारे पाणी केवळ बैठकी भिजवीत नाही. ते विजेच्या जोडण्यांत शिरते आणि एका बिघाडाचे चार बिघाड करते. शिवाय खर्चाचा प्रश्न आहेच. दोष नेमका सापडत नाही तेव्हा 'मोटर बदलून पाहू' असा सल्ला मिळतो, आणि नवी मोटर बसवूनही आठ दिवसांनी छप्पर पुन्हा अडते.

प्रथम या छपराची रचना पाहू. बॅटरीतून निघालेला प्रवाह फ्यूजमधून छताकडे जातो. तेथे मोटर आणि तिचे नियंत्रण करणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी असते; पुष्कळ गाड्यांत ही दोन्ही एकाच घडणीत जोडलेली असतात. बटण दाबले की पेटीला इशारा मिळतो, मोटर फिरते, तिच्या दातेरी चाकात गुंतलेल्या दोन ताठ केबली पुढेमागे सरकतात आणि काच रुळांवरून चालू लागते. काम झालेला प्रवाह गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. या परतीच्या जोडणीला मिस्त्री 'अर्थ' म्हणतात. येण्याच्या वाटेची चौकशी सगळेच करतात, परतीच्या वाटेची फारसे कोणी करीत नाही. आणि पुष्कळदा दोष तेथेच, एखाद्या गंजलेल्या बोल्टाखाली, दडलेला असतो.

हत्यार हाती घेण्यापूर्वी एक वही घ्यावी. छप्पर कधी अडले, ऊन होते की पाऊस, इंजिन चालू होते की बंद, त्यापूर्वी छप्पर किती वेळा उघडमीट केले होते, गाडी खड्ड्यातून गेली होती काय, याची आठ-पंधरा दिवस नोंद ठेवावी. या नोंदीच पुढे अर्धे निदान करतात. मुलांनी हौसेने पाचसहा वेळा उघडमीट केल्यावर छप्पर थांबत असेल आणि पंधरा मिनिटांनी आपोआप पूर्ववत् होत असेल, तर संशय मोटरच्या उष्णता-संरक्षणावर घ्यावा. रुळांत धूळ साचलेली असते, वंगण वाळलेले असते. मोटरला अधिक जोर लावावा लागतो, ती तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. हा बिघाड दिसायला विजेचा असला तरी त्याचे मूळ रुळांत आहे. राजस्थानच्या किंवा विदर्भाच्या धुळीत गाडी चालवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

छप्पर उघडते पण मिटत नाही, असे असेल तर तर्क सोपा होतो. दोन्ही क्रियांना बॅटरी, फ्यूज, मोटर आणि अर्थ ही समाईकच आहेत. एक क्रिया नीट चालते त्याअर्थी बहुधा ती निर्दोष आहेत. मग उरते बटणातील मिटण्याच्या बाजूचा संपर्क, त्याची तार किंवा नियंत्रक पेटी.

आता मुख्य परीक्षेकडे वळू. फ्यूज तुटला असता तर छप्पर कायमचे बंद पडले असते. म्हणून लहरी बिघाडात फ्यूज बहुधा निरपराध असतो, मात्र त्याचे पाय खाचेत सैल नाहीत ना, एवढे पाहावे. त्यानंतर पुष्कळ जण मल्टिमीटर लावून पाहतात, १२ व्होल्ट दिसतात आणि 'वीज तर येते आहे' असे म्हणून मोटरला दोषी ठरवतात. येथेच निदान फसते. बागेतील पाण्याच्या नळीवर कोणी पाय दिला आणि टोकाची तोटी बंद असली, तर नळीत दाब पुरेपूर असतो. तोटी उघडल्यावरच धार बारीक झाल्याचे कळते. विजेचेही तसेच आहे. मल्टिमीटर स्वतः नगण्य प्रवाह घेतो. त्यामुळे एकाच धाग्यावर तगलेली तारही त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. सबब मोजणी करायची ती बटण दाबून, मोटरवर भार असतानाच.

गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो. समजा, मोटरकडे ६ अँपियर प्रवाह जात आहे आणि वाटेतील एका गंजलेल्या जोडणीत अर्धा ओहम रोध आहे. ६ गुणिले ०.५, म्हणजे ३ व्होल्ट त्या जोडणीतच खर्ची पडतात, १२.६ व्होल्टच्या बॅटरीतून मोटरला मिळतात जेमतेम ९.६. शिवाय तेथे १८ वॅट उष्णता निर्माण होते आणि नखाएवढ्या जागेत ती प्लास्टिक मऊ करण्यास पुरेशी असते. जोडणी तापते, सैल होते, थंडावली की पुन्हा चिकटते. लपंडावाचे रहस्य हेच!

म्हणून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरे छतावरील पेटीच्या अर्थ-तारेवर ठेवून कोणास तरी बटण दाबण्यास सांगावे. ०.२ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर वाट स्वच्छ आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तो बोल्ट सोडवून, घासून, पुन्हा घट्ट करावा. येणाऱ्या वाटेवरही हीच परीक्षा धन टोकापासून करावी. आकड्यावर नजर ठेवून एकेक जोडणी हाताने हलकेच हलवावी. ज्या ठिकाणी आकडा उसळी मारील तेथे दोष. मात्र एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. अनेक गाड्यांत छताच्या कडेने अपघातात फुगणाऱ्या संरक्षक पिशव्या, म्हणजे एअरबॅगा, बसवलेल्या असतात. त्यांच्या जोडण्या बहुधा पिवळ्या असतात; त्यांना मल्टिमीटर लावू नये. छताचे अस्तर उतरवण्याचे कामही जाणत्या कारागिरावरच सोपवावे.

पावसाळ्यातच होणाऱ्या बिघाडाचा मार्ग निराळा आहे. छपराच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. पानांच्या कचऱ्याने त्या तुंबल्या की पाणी चौकटीतून ओसंडते आणि तांब्याच्या जोडण्यांवर हिरवट थर चढतो. कोकणात किंवा आसामात राहणाऱ्यांनी वर्षाऋतूपूर्वी चौकटीत पेलाभर पाणी ओतून ते गाडीखाली ठिबकते की नाही ते पाहावे. दाबाची हवा जोराने सोडू नये. नळी आतल्या आत निसटण्याचा संभव असतो.

शेवटी, मिटता मिटता आपोआप पुन्हा उघडणाऱ्या छपराविषयी. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या चुंबकीय परिणामावर चालणारा एक संवेदक मोटरचे फेरे मोजतो. गती अकस्मात मंदावली तर मध्ये कोणाचा तरी हात आला असावा, असे समजून पेटी काच मागे घेते. संवेदकाची जोडणी सैल असेल, रुळात खडा असेल, किंवा बॅटरी काढल्यामुळे पेटी काचेची जागा विसरली असेल, तरी छप्पर असेच वागते. काही जण बटण दाबून धरून ते बळेच मिटवतात. पण काही गाड्यांत अशा वेळी हे संरक्षण निष्प्रभ होते, आणि छपरातून डोके बाहेर काढणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते. रूळ पुसून, जोडणी तपासून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या रीतीने पेटीला काचेची जागा नव्याने शिकवावी. त्यानंतर जाड कागदाची गुंडाळी वाटेत धरून काच मागे फिरते की नाही ते पाहावे. आणि ती फिरत नसेल तर दुरुस्ती होईपर्यंत छप्पर मिटवून त्याचा फ्यूज काढून ठेवावा.