ओव्हरटाइमचा पैसा टॅक्स खातो की ठेकेदार?

"ओव्हरटाइम केला तरी सगळा पैसा टॅक्समध्येच जातो." एमआयडीसीत काम करणाऱ्या आपल्या तरुणांकडून हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. म्हणून या प्रश्नाचा हिशेब एकदा मांडून पाहू.

ओव्हरटाइमवर वेगळा कर नसतो. ती रक्कम पगारातच धरली जाते आणि वर्षाच्या एकूण उत्पन्नावर कर ठरतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर शून्य, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के असे दर आहेत. वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो, सगळ्या पगाराला नाही. शिवाय पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण सूट मिळते. म्हणजे वर्षाला १२ लाख ७५ हजारांपर्यंत पगार असेल तर आयकर शून्य. ही मर्यादा थोडी ओलांडणाऱ्याची जादा कमाई मात्र बहुतेक करातच जाते. पण आपल्या वस्तीतले किती कामगार तिथवर पोहोचतात?

आता उदाहरण घेऊ. महिना २०,८०० रुपये पगार, २६ दिवस, रोज ८ तास. तासाला १०० रुपये पडले. फॅक्टरी कायदा, १९४८ च्या कलम ५९ नुसार ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागत असे. नव्या कामगार संहितेतही हा दुप्पट दर कायम आहे. महिन्याला ३० तास जादा काम केले तर ६,००० रुपये मिळायला हवेत. ओव्हरटाइमवर पीएफ कापला जात नाही. वर्षाचे एकूण उत्पन्न ३,२१,६०० रुपये, आयकर शून्य.

मग पैसा जातो कुठे? ठेकेदाराने 'सिंगल' दर लावला तर ६,००० ऐवजी ३,००० हातात येतात. वर्षाला ३६,००० रुपयांचे नुकसान! आयकर खात्याने एक रुपयाही घेतलेला नसतो.

एक खरी अडचण मात्र आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. वरच्या उदाहरणातला मूळ पगार २,४९,६०० म्हणजे मर्यादेच्या आत, पण ओव्हरटाइम धरला की बाहेर. अशा वेळी मुलांचे शिक्षण थांबवू नका. मर्यादेवरच्या पालकांच्या मुलांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप योजना आहे. तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरा.

कामाच्या तासांचा प्रश्न आपल्याला नवा नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडले. ४८ तासांपुढचा प्रत्येक तास हा कामगाराच्या विश्रांतीतून, अभ्यासातून आणि कुटुंबाच्या वेळेतून जातो. म्हणूनच त्याची किंमत दुप्पट.

तेव्हा मित्रांनो, एवढे करा. जादा तास रोज वहीत लिहा. वेतनचिठ्ठी मागा आणि त्यात ओव्हरटाइमची वेगळी नोंद आहे का ते पाहा. टीडीएस कापला असेल आणि कर शून्य येत असेल, तर रिटर्न भरून परतावा घ्या. ठेकेदार पैसे देत नसेल तर ती जबाबदारी मूळ मालकावर येते, हे लक्षात ठेवा. कारखान्यातील तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते. एकट्याने जाऊ नका, चार-पाच जण मिळून जा.

कराची भीती घालून कोणी तुमच्या घामाचे पैसे बुडवत असेल, तर आधी हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

जय भीम!