मॅलमचा ओढा जातो कुठे?

आज जरा लांब जाऊया, उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्समध्ये. गावाचं नाव मॅलम, वस्ती जेमतेम दोन-अडीचशे. ऑफिसच्या कामासाठी लीड्सला होतो तेव्हा एका रविवारी तिथे गेलो आणि माझा पहिलाच अंदाज साफ चुकला.

गावाच्या उत्तरेला मॅलम कोव्ह नावाचा सुमारे ८० मीटर उंच कडा आहे. त्याच्या पायथ्याशी खडकातून ओढा बाहेर येतो. कडा चढून उत्तरेकडे चालत गेलं की एक कोरडी दरी लागते आणि पुढे मॅलम टार्न हा तलाव. तलावातून निघालेला ओढा थोडंसं वाहतो आणि दगडगोट्यांत चक्क गडप होतो. त्या जागेचं नावच 'वॉटर सिंक्स'. मी म्हटलं, वरचा हा इनपुट, खालचा तो आउटपुट, झालं की! पूर्वी लोकांनाही तसंच वाटायचं.

मग पाण्यात रंग सोडून तपासलं, तर भलतंच निघालं. वर दोन वेगळे ओढे दोन वेगळ्या ठिकाणी जमिनीत शिरतात, आत एकमेकांत मिसळतात आणि दोन ठिकाणी बाहेर पडतात: एक कोव्हच्या पायथ्याशी आणि दुसरं गावाच्याही खाली दक्षिणेला, एअर हेडच्या झऱ्यांपाशी. म्हणजे टार्नचं पाणी गावाला अख्खा बायपास मारूनही जातं!

हे होतं कारण खडक चुनखडीचा आहे, साधारण ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचलेला. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं आणि चुनखडी हळूहळू खातं. भेगा रुंद होतात. कड्याच्या माथ्यावर तर फरशी घातल्यासारखा खडक आहे, मध्ये खोल फटी. मेंढ्यांचं तोंड पोचत नाही म्हणून त्या फटींत नेचे मजेत वाढतात. (चालताना पाय सांभाळा, ओला दगड भयंकर निसरडा असतो.) मग टार्न कसा टिकला? त्याच्या तळाशी स्लेट आहे, ती पाणी झिरपू देत नाही.

माणसांनी याच जमिनीवर मेंढ्या पाळल्या. मध्ययुगात ओढ्याच्या पश्चिमेची जमीन फाउंटन्स मठाची, पूर्वेची बोल्टन मठाची. १५३९ च्या सुमारास दोन्ही मठ बंद झाले, मेंढ्या राहिल्या. आज दिसणारे दगडी गडगे, आपल्या कोकणातल्यासारखे चुन्या-सिमेंटशिवाय रचलेले, बरेचसे १८व्या-१९व्या शतकातले.

आता मुद्द्याची गोष्ट. मातीतून झिरपणारं पाणी गाळलं जातं. इथे ते भेगांतून धावतं, मध्ये फिल्टर नाही. वर शेतात टाकलेलं खत, जनावरांची घाण, सगळं खालच्या झऱ्यात येऊ शकतं. आणि कुठल्या झऱ्यात, ते नकाशावर ओढ्याची रेघ बघून कळत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळात इतका पाऊस झाला की आतल्या वाटा तुंबल्या आणि कोव्हच्या माथ्यावरून धबधबा कोसळला. गावातल्या कुणीच तो आधी पाहिला नव्हता.

एरवी मात्र पाणी गपचूप खालूनच येतं. एअर हेडनंतर दोन्ही प्रवाह एकत्र होतात, तीच एअर नदी. पुढे ती लीड्समधून वाहते. मी रोज पुलावरून ती ओलांडून ऑफिसला जायचो.