विश्लेषण : साक्षीदार, पोलीस आणि धावती रेल्वे... १३ दिवसांत चित्रित झालेला 'द नॅरो मार्जिन' आजही का पाहिला जातो?

गुंड टोळीच्या म्होरक्याची विधवा. टोळीकडून हप्ते घेणाऱ्यांची यादी तिच्याकडे आहे. तिला शिकागोहून लॉस एंजेलिसला न्यायचे आणि ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, साक्षीला उभे करायचे. प्रवास रेल्वेचा. सोबतीला एकच पोलीस अधिकारी आणि गाडीत तिच्या मागावर असलेले मारेकरी. 'द नॅरो मार्जिन' या १९५२ च्या अमेरिकी थरारपटाची कथा एवढीच. पण ७१ मिनिटांच्या या चित्रपटाचे नाव आजही उत्तम लो-बजेट थरारपटांच्या यादीत हमखास येते.

(पुढे चित्रपटातील रहस्य उघड केले आहे.)

मारेकऱ्यांची अडचण काय?

ती बाई दिसते कशी, हेच त्यांना ठाऊक नाही. त्यांना ओळखू येतो तो फक्त पोलीस अधिकारी ब्राऊन (चार्ल्स मॅकग्रॉ). म्हणजे साक्षीदाराला लपवायचे तर ब्राऊनला तिच्यापासून लांब राहावे लागणार आणि तिचे रक्षण करायचे तर जवळ. साऱ्या चित्रपटाचा ताण या एका पेचावर उभा आहे. त्यात ही बाई (मारी विंडसर) तोंडाने फटकळ. डब्यात गप्प बसायचे सोडून ती ग्रामोफोन लावते. दुसरीकडे ब्राऊनची ओळख लहान मुलासोबत प्रवास करणाऱ्या एका सालस प्रवासी महिलेशी होते आणि टोळीच्या माणसांना वाटते, साक्षीदार हीच असावी. त्यातच ब्राऊनसमोर मोठ्या लाचेचाही प्रस्ताव ठेवला जातो.

पैसे कमी होते, म्हणजे नेमके काय केले?

आरकेओ स्टुडिओचा हा 'बी' दर्जाचा चित्रपट. मोठ्या चित्रपटाला जोड म्हणून दाखवायचा, त्यामुळे मोठे स्टार नाहीत आणि चित्रीकरणाला जेमतेम १३ दिवस. रेल्वेच्या डब्याचा सेट हलता ठेवणे खर्चिक. दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर यांनी सेट जमिनीला घट्ट बसवला आणि कॅमेराच हलवला. गाडी हिंदकळते आहे असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात डबा जागचा हललेलाच नसतो!

पार्श्वसंगीतही नाही. अगदी श्रेयनामावलीवरसुद्धा रेल्वेचाच आवाज. संगीत ऐकू येते ते डब्यात वाजणाऱ्या ग्रामोफोनचे, म्हणून ते वाजले की धडकी भरते. एका ठिकाणी बाई नखे घासत असते आणि त्या घासण्याच्या लयीतच दृश्य बदलून गाडीची चाके दिसू लागतात. अरुंद डब्यातली हाणामारी हातात धरलेल्या कॅमेऱ्याने इतक्या जवळून टिपली आहे की कोणाचा ठोसा कोणाला बसला हे क्षणभर कळत नाही. शेवटच्या प्रसंगात बंद दाराआडचा मारेकरी ब्राऊनला दिसतो तो खिडकीच्या काचेतल्या प्रतिबिंबात. यातल्या कशालाच फारसा पैसा लागत नाही.

१९५० मध्ये चित्रित झालेला हा चित्रपट स्टुडिओचे मालक हॉवर्ड ह्यूज यांच्याकडे अडकून पडला आणि पडद्यावर यायला १९५२ उजाडले. मूळ कथेसाठी त्याला ऑस्कर नामांकन मिळाले. पुरस्कार गेला 'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ' या सर्कसवरच्या भव्य चित्रपटाला. १९९० मध्ये जीन हॅकमन यांना घेऊन याच कथेवर पुन्हा चित्रपट आला. तो बरा आहे, पण मूळ चित्रपटाची घुसमट त्यात नाही.

रहस्य कोणते आणि ते खटकते का?

खरी साक्षीदार ती सालस महिलाच असते. फटकळ बाई असते पोलीस, साक्षीदाराचे सोंग घेतलेली. ही गोष्ट ब्राऊनपासून लपवलेली असते, कारण तो लाच घेईल की नाही याची वरिष्ठांना खात्री नसते. ती पोलीस महिला मारली जाते. तिच्यासाठी थांबायला मात्र कथेला सवड नाही. दोन मिनिटांत चित्रपट तिला विसरतो. धक्का जोरदार बसतो, पण पटकथेतला सर्वात कच्चा दुवाही हाच. वरिष्ठांनी एका पोलिसाची परीक्षा घेण्यासाठी दुसरीचा जीव पणाला लावला, त्याचा जाब कोणीच विचारत नाही.

तेव्हा साक्षीदार संरक्षण कायदा होता का?

आज आहे तशी देशव्यापी योजना नव्हती. पोलीस पहाऱ्याचा भरवसा किती, याचे गाजलेले उदाहरण एब रेल्सचे. टोळीविरुद्ध साक्ष देणारा हा न्यूयॉर्कचा गुंड नोव्हेंबर १९४१ मध्ये हॉटेलच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून पडून मेला, तोही पोलिसांचा पहारा असताना. तो पळताना अपघाताने पडला, असा निष्कर्ष १९५१ मध्ये ग्रँड ज्युरीने काढला. तो अनेकांना पटला नाही.

कायदा झाला १९७० मध्ये. न्याय खात्यातील वकील जेराल्ड शुर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या योजनेत नवे नाव, नवे गाव, नवी कागदपत्रे मिळू लागली. जबाबदारी यूएस मार्शल्स सर्व्हिसकडे. १९७१ पासून १९ हजारांहून अधिक साक्षीदार आणि कुटुंबीयांना असे संरक्षण मिळाले असून, नियम पाळणाऱ्या एकाचाही जीव गेलेला नाही, असा या यंत्रणेचा दावा आहे. नियम पाळणे मात्र सोपे नसते. 'गुडफेलाज' ज्याच्यावर बेतला तो हेन्री हिल पुन्हा गुन्ह्यांत अडकला आणि योजनेतून बाहेर काढला गेला.

आपल्याकडे काय स्थिती?

महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. देशपातळीवर सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. हे प्रकरण आसाराम खटल्यातील साक्षीदारांवरच्या हल्ल्यांतून न्यायालयात पोहोचले होते. योजनेनुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती पोलिसांचा धोका-अहवाल पाहून आदेश देते. ओळख बदलणे, दुसरीकडे हलवणे हेही त्यात येते. संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचे असते.

'द नॅरो मार्जिन'मधली साक्षीदार लॉस एंजेलिसला पोहोचते आणि चित्रपट संपतो. साक्ष दिल्यानंतर ती आणि तिचा मुलगा कुठे राहतात, हे पटकथेत नाही.