‘वीस मिनिटांवर’ : घराची निवड आणि अंतराची भाषा

मोशी, चिखली, तळवडे या भागांत नव्या इमारतींचे जे फलक रस्त्याच्या कडेला उभे असतात, त्यांवर ‘चाकण औद्योगिक वसाहत केवळ वीस मिनिटांवर’ अशा धर्तीचे वाक्य वारंवार आढळते. हे वाक्य सरळसरळ खोटे आहे, असे म्हणता येत नाही. पहाटेच्या पाळीसाठी दुचाकीवरून निघणाऱ्यास ते खरेही वाटेल. सकाळी आठच्या सुमारास मोटारीतून त्याच मार्गाने जाणाऱ्यास ती थट्टा वाटेल. एकच वाक्य दोन शेजाऱ्यांपैकी एकास खरे आणि दुसऱ्यास खोटे ठरत असेल, तर दोष वस्तुस्थितीपेक्षा वाक्याच्या रचनेत शोधणे श्रेयस्कर होय. घर घेणे किंवा भाड्याने बिऱ्हाड करणे हा संसारातील मोठ्या खर्चाचा निर्णय असतो आणि तो पुष्कळदा अशा एका आकड्याच्या भरवशावर घेतला जातो. त्या आकड्यात काय सांगितले जाते आणि काय गाळले जाते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अंतर वेळेत मोजण्याची रीत मराठीस नवी नाही. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ या शब्दापासून आला. त्याच्या मुळाशी हाक मारण्याची क्रिया आहे, आणि ‘हाकेच्या अंतरावर’ हा प्रयोग तीच कल्पना आजही जिवंत ठेवून आहे. अरबी ‘मंझिल’वरून आलेला ‘मजल’ हा शब्द तर उघडच प्रवासाचे माप आहे : एका दमात किंवा एका दिवसात तोडावयाचा टप्पा. तथापि मजल म्हटली की चालणारा माणूस, बैल किंवा घोडा आणि त्याची चाल ही ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभी राहत असे. मापात प्रवासी अंतर्भूत होता. १९५६ च्या कायद्याने वजनमापांची दशमान पद्धत आली, मैल जाऊन किलोमीटर आला, आणि अंतरातून प्रवासी पूर्णपणे वगळला गेला. आता ‘मिनिटांवर’ या प्रयोगाने काळ परत आला आहे. प्रवासी मात्र परतलेला नाही.

येथे एका प्रत्ययाचा विचार उपयुक्त ठरतो. ‘कारखाना वीस मिनिटांवर आहे’ आणि ‘तो वीस मिनिटांत कारखान्यात पोहोचतो’ या दोन वाक्यांत ‘वर’ आणि ‘त’ एवढाच भेद दिसतो. पण तो लहान नाही. ‘वर’ स्थान दाखवितो. ‘दोन कोसांवर’ म्हणताना जशी दूरता त्या ठिकाणाचाच गुण मानली जाते, तशी ‘वीस मिनिटांवर’ म्हणताना वेळही जागेला कायमची चिकटविली जाते. ‘वीस मिनिटांत’ असे म्हटले की मात्र क्रियापद मागावे लागते, आणि क्रियापद आले की कोण, कशाने, कोठून, केव्हा हे प्रश्न टाळता येत नाहीत. पाणिनीय परंपरेच्या परिभाषेत सांगायचे तर कर्ता, करण, अपादान आणि अधिकरण ही चारही कारके उघड करावी लागतात. फलकावरील वाक्यात ती नसतात, आणि घराचा शोध घेणाऱ्याने करावयाचे काम म्हणजे ती एकेक करून भरणे.

पिंपरी-चिंचवडच्या आरंभीच्या काळात या गाळलेल्या जागांनी फारसे बिघडत नसे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने कारखान्याशेजारीच कामगारांची वसाहत उभारली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, भोसरी, चिंचवड येथे कारखान्यांची दाटी झाली. पुढे १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आले ते औद्योगिक नगरातील लोकांना कामाच्या ठिकाणापासून जवळ राहावयास मिळावे, या विचाराने. (ते प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झाले, पण निगडीच्या बोलण्यात ‘प्राधिकरण’ हे स्थळनाम म्हणून पक्के रुजले आहे, संस्था गेली तरी नाव मागे राहते, याचे हे अलीकडचे उदाहरण.) सायकलीने भोंग्याच्या वेळी फाटकापाशी पोहोचणाऱ्यास मिनिटांचा हिशेब करावा लागत नसे.

पुढच्या पिढीत कारखाने उत्तरेस सरकले. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये, तर फोक्सवागनचा २००९ मध्ये सुरू झाला, आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनविणाऱ्यांची रांग लागली. वस्ती मात्र बहुतांशी इंद्रायणीच्या दक्षिणेसच वाढत राहिली. नदी ओलांडणारे पूल मोजके; पुण्याहून नाशिकला जाणारा महामार्ग मोशीवरून चाकणच्या चौकात येतो आणि तेथेच त्याला तळेगावहून शिक्रापूरकडे जाणारा रस्ता छेदतो. त्या चौकात कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, दुचाक्या आणि हंगामात कांद्याने भरलेले ट्रॅक्टर एकत्र येतात. चाकण ही कारखान्यांच्या फार आधीपासून कांद्याची बाजारपेठ आहे, याचे स्मरण वाहतूकच करून देते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ‘चाकण’ हे नाव आता एका ठिकाणाचे राहिलेले नाही. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, नाणेकरवाडी, खालुंब्रे, सावरदरी अशा गावांच्या शिवारांत पसरलेले कारखाने बाहेरच्या माणसाच्या तोंडी सरसकट ‘चाकण’ होतात. परंतु खालुंब्र्यास जाणारा मनुष्य तळेगाव दाभाडे किंवा देहूच्या बाजूने आला, तर त्यास चाकणच्या चौकाचे दर्शनही घ्यावे लागत नाही. कुरुळी तर मोशीहून येताना चौकाच्या अलीकडेच लागते. अर्थात चाकणला नोकरी लागली म्हणून मोशीत घर पाहणाऱ्याने प्रथम कारखान्याचे फाटक कोणत्या शिवारात आहे, हे विचारावे. तळेगावचे घर नकाशावर दूर दिसेल आणि घड्याळात जवळ ठरेल, अशी शक्यता नाकारता येत नाही.

यानंतरचा प्रश्न अधिक कठीण आहे. समजा, दोन घरांचा विचार चालला आहे. पहिल्या घरापासून कारखान्यास रोज ४० मिनिटे लागतात, त्यात फारसा फरक पडत नाही. दुसऱ्यापासून पाचांपैकी चार दिवस २५ मिनिटे आणि एक दिवस ७० मिनिटे लागतात. (आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.) दुसऱ्या घराची सरासरी ३४ मिनिटे येते, म्हणजे पहिल्याहून कमी. परंतु पाळीची वेळ सरासरी ओळखत नाही. हजेरीची खूण वेळेवर उमटलीच पाहिजे, असे ज्याच्यावर बंधन आहे, त्याला वाईट दिवस कोणता हे आदल्या रात्री ठाऊक नसल्यामुळे रोजच ७० मिनिटे हाताशी ठेवून निघावे लागेल. त्याच्यापुरते दुसरे घर ७० मिनिटांचेच आहे. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर घालविलेला उरलेला पाऊण तास हिशेबात धरला नाही, तरी तो आयुष्यातून वजा होतोच. संध्याकाळी परतताना मात्र असे बंधन बहुधा नसते, तेथे सरासरी चालू शकते. पाळणाघरातून मूल आणावयाचे असेल, तर तेही नाही. जाण्याचा आणि येण्याचा हिशेब वेगळा मांडावा तो याकरिताच.

वाईट दिवस इतका वाईट का होतो, याचे स्पष्टीकरण वाहतूकशास्त्रात मिळते. अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते कार्यालयाने १९६४ मध्ये प्रचारात आणलेल्या एका सूत्रानुसार रस्त्यावरील भार आणि रस्त्याची क्षमता यांच्या गुणोत्तराचा चौथा घात घेऊन प्रवासाचा वाढीव काळ काढतात. भार क्षमतेइतका असताना मोकळ्या रस्त्याच्या तुलनेत वेळ फक्त १५ टक्क्यांनी वाढतो. भार दीडपट झाला की वाढ ७५ टक्क्यांच्या वर जाते. क्षमतेच्या काठावर चालणाऱ्या रस्त्यावर एखादा बंद पडलेला ट्रक, पावसाने उखडलेला पट्टा किंवा आळंदीची कार्तिकी एकादशी यांपैकी काहीही पुरते. चौकातील रांगांचा विलंब या सूत्राबाहेरचा आहे, तो यात आणखी मिळवावा.

कंपनीची बस असेल तर चित्र पालटते. बस अडकून उशीर झाला, तर त्याचा दोष एकट्या कामगाराच्या माथी बसत नाही. अनिश्चिततेचा भार काही अंशी कंपनी उचलते. शिवाय झोपेचा एक तुकडा प्रवासात पुरा करता येतो. म्हणून कित्येक कुटुंबांत घर निवडताना कारखान्यापासूनचे अंतर विचारात घेण्याऐवजी बसचा थांबा किती पावलांवर आहे, हे पाहिले जाते, आणि ते शहाणपणाचेच आहे. मात्र नोकरी बदलली की थांबा बदलतो, आणि जादा कामासाठी थांबलेल्या माणसासाठी बस थांबेलच असे नाही. लोकलगाडी तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी असा मार्ग धरते, चाकणला रेल्वे नाही. मेट्रो २०२२ मध्ये पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत सुरू झाली आणि २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोहोचली. तिचा लाभ पुण्याकडे जाणाऱ्यास होतो. ‘मेट्रोजवळ’ हे विशेषण चाकणच्या कामगारास निरुपयोगी, पण शिवाजीनगरच्या कचेरीत जाणाऱ्या त्याच्या पत्नीस मोलाचे.

हा पत्नीचा उल्लेख ओघाने आला खरा, पण वस्तुतः गाठ तेथेच आहे. विल्यम अलोन्सो याने १९६४ च्या आपल्या ग्रंथात मांडलेल्या प्रसिद्ध विवेचनात शहराला एकच केंद्र गृहीत धरले होते : केंद्रापासून दूर जावे तसे जागेचे मोल उतरते आणि प्रवासाचा खर्च चढतो, प्रत्येक जण आपापला तोल साधतो. या पट्ट्यात एक केंद्र नाही. एकाचे काम चाकणला, दुसऱ्याचे हिंजवडीला, मुलाची शाळा चिंचवडला, असे घर सर्वांना समान अंतरावर ठेवले तर ते कोणालाच जवळ पडत नाही. व्यवहारात असे होते की घर एकाच्या नोकरीवरून ठरते आणि मग दुसऱ्याची नोकरी त्या घराच्या आसपास शोधली जाते. ही दुसरी व्यक्ती बहुधा स्त्री असते. फलकावरील वाक्यात कर्ता नसल्यामुळे ही निवड कोणी केली, हेही झाकले जाते.

भाड्यातील बचत आणि वेळ यांची तुलना करताना आकडा वर्षाचा घ्यावा. जाताना-येताना अर्धा-अर्धा तास अधिक, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे वर्षाला ३०० तास. आठ तासांच्या ३७ पाळ्यांहून अधिक. वाचलेले भाडे या बिनपगारी पाळ्यांनी भागून पाहिले, तर पुष्कळदा उत्तर अनपेक्षित येते. अर्थशास्त्रज्ञ ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर यांनी जर्मन कुटुंबांच्या पाहणीवरून २००८ मध्ये दाखवून दिले की लांबचा प्रवास करणारे लोक आपल्या आयुष्याविषयी कमी समाधान व्यक्त करतात. म्हणजे स्वस्त घर किंवा जास्त पगार त्याची पुरती भरपाई करीत नाही. मोठी खोली निवडीच्या दिवशी डोळ्यांसमोर असते, गर्दी त्या दिवशी दिसत नाही, हे त्यामागील एक कारण असावे. तथापि घर बदलणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्या बाबतीत ‘निवड’ हा शब्दच जपून वापरावा लागेल.

मग खरी माहिती मिळवावी कशी? क्षेत्रपाहणी करणाऱ्या भाषाभ्यासकास एक अनुभव परिचित आहे : लोकांना आपण कसे बोलतो हे विचारले की ते कसे बोलावे ते सांगतात. ‘चाकणला जायला किती वेळ लागतो?’ या प्रश्नाचेही तसेच होते. ‘लागतो’ हे रीतिवाचक रूप आहे; ते उत्तरही रीतीचेच मागते, आणि मनुष्य आपल्या स्मरणातील बऱ्या दिवसांपैकी एक दिवस काढून देतो. त्याऐवजी, ज्या इमारतीत घर घ्यावयाचे तेथील पाळीवर जाणाऱ्या रहिवाशास ‘काल किती वाजता निघालात आणि किती वाजता आत शिरलात?’ असे विचारावे. मग परवाचे विचारावे, मग गेल्या सोमवारचे. निरनिराळ्या पाळ्यांच्या पाच-सहा जणांकडून अशी उत्तरे घेतली, तर त्यांतील सर्वांत मोठा आकडा कोणता आणि तो कितींदा आला, हे कळते. जमल्यास जुलैमधील एखाद्या ओल्या सकाळी, स्वतःच्याच वाहनाने आणि स्वतःच्याच पाळीच्या वेळी, त्या घराच्या दारापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत एकदा जाऊन यावे. बयाणा त्यानंतर द्यावा.